पहिला गाल कुणाचा?

कुठलंही हत्यार शिकायचं म्हटलं की ते कशावर तरी चालवूनच शिकावं लागतं. सुताराचं पोर लाकडावर शिकतं. लाकूड वाया गेलं तर चुलीत जातं. कुंभाराचं पोर मातीवर शिकतं. मडकं वाकडं झालं तर त्याचा पुन्हा गोळा करता येतो. लोहाराचं पोर लोखंडावर, चांभाराचं चामड्यावर. बारा बलुतेदारांत न्हाव्याची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या पोराला शिकायला जिवंत माणसाचं कातडं लागतं, आणि तेही गळ्याजवळचं. तिथं बिघडलेलं काम चुलीत टाकता येत नाही की त्याचा परत गोळा करता येत नाही.

म्हणून मला एक प्रश्न फार वर्षं पडत आला आहे. गावातला प्रत्येक सराईत हात कधीतरी कच्चा होता. तो कच्चा असताना त्याच्यापुढं गाल कुणी धरला? धरला, की त्याला धरायला लावला?

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस कमी, दगड जास्त. गावच्या न्हाव्याला लहानथोर सगळे नाना म्हणत. बाजारच्या दिवशी चावडीसमोरच्या लिंबाखाली नाना पोतं अंथरून बसायचे. पुढ्यात चामड्याची धोकटी. तिच्यात दोन वस्तरे, कातर, नराणी, चिमटा, पाण्याची पितळी वाटी, धारेचा दगड आणि कडेला पारा उडालेला एक आरसा. गिऱ्हाईक उकिडवं समोर बसायचं आणि मान नानांच्या स्वाधीन करायचं. ज्वारीची खळी झाली की नाना घरोघर बलुतं मागायला जात. त्या धान्यात वर्षभराच्या दाढ्या, डोकी, पोरांची जावळं, लग्नातली कामं आणि मयताची क्षौरं, सगळं आलं. ज्याच्या हातातल्या वस्तऱ्याखाली पाटलाचा गळा यायचा, त्याला पाटलाच्या ओसरीवर मात्र खालच्या पायरीवर बसावं लागे. लहानपणी मला यात वावगं काही दिसत नव्हतं. गावात सगळ्यांनाच ते तसं दिसत आलं होतं.

आमच्या घरात आजोबांनी पलटणीतून आणलेला एक वस्तरा होता. पात्यावर सोलिंगेनचा छाप. जर्मनीतलं हे गाव सुऱ्या-वस्तऱ्यांसाठी जगभर नावाजलेलं, हे मला नंतर कळलं. आजोबा गेल्यावर तो तेलकट फडक्यात गुंडाळून फडताळात पडून होता. मी कॉलेजात गेलो, तोंडावर लव जाऊन केस आले आणि मला त्या वस्तऱ्यानं दाढी करायची हौस आली. तालुक्याला पत्तीची मशीनं मिळत होती, वर्गातली पोरं त्यानंच उरकायची. मी वस्तरा घेऊन नानांकडं गेलो.

नानांनी तो उघडला, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून पाहिला, म्हणाले, "माल चांगला हाय. शिकवतो. पर एक सांगतो. गाल तुजाच. दुसऱ्या कुणाच्या गालाला हात लावायचा न्हाई."

पहिले आठ दिवस त्यांनी मला वस्तरा तोंडाजवळ नेऊच दिला नाही. नुसता चामड्याचा पट्टा. एक टोक खांबाला बांधायचं, दुसरं डाव्या हातानं ताणून धरायचं आणि वस्तरा निजवून ओढायचा. पाठ पुढं, धार मागं. टोकाला आल्यावर तो पाठीवरच उलटायचा, धार उचलून नाही. "धार पुढं घातलीस तर पट्टा कापंल. पट्टा ढिला धरलास तर धार गोल हुईल." विसाव्या-पंचविसाव्या फेरीला चामड्याचा आवाज बदलतो, तो कानानं ओळखायला त्यांनी मला शिकवलं. दगडावर धार तयार होते आणि पट्ट्यावर ती सरळ होते. दगड महिन्यामहिन्यांनी लागतो, पट्टा दर खेपेला.

मग आठवडाभर तोंडाला साबणाचा फेस लावून तो मोडक्या फणीच्या पाठीनं काढायचा. हाताला वळण लागावं म्हणून. मग नडगीवरचे केस. आणि त्यानंतर एकदाचा गाल.

आधी कढत पाण्यानं तोंड भिजवायचं, घाई करायची नाही. भिजलेला केस मऊ पडतो, कोरडा केस तारेसारखा असतो. मग बोटानं चाचपून केसांचा ओघ बघायचा. गालावर तो खाली वाहतो, पण मानेवर कुणाचा आडवा जातो, कुणाचा उलटा वर चढतो. प्रत्येकाच्या मानेचा नकाशा वेगळा. वस्तऱ्याच्या दांडीवर तीन बोटं, शेपटावर करंगळी, खालून अंगठा. पातं गालाशी फार निजवलं तर केस ओढले जातात, फार उभं केलं तर कातडी जाते. पात्याची पाठ तिच्या जाडीच्या दुपटीएवढी गालापासून उचललेली असावी. दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरायची. ओढ आखूड, बोटभर. आणि जोर लावायचा नाही. वस्तऱ्याचं वजन असतं तेवढं पुरे. सगळ्यांत मोठी ताकीद ही, की वस्तरा धारेच्या लांबीनं कधी सरकवायचा नाही. विळीवर भाजी चिरली जाते ती तशीच.

पहिले पंधरा दिवस फक्त दोन्ही गाल. मग मान. ओठांवरचा भाग आणि हनुवटी सगळ्यांत शेवटी, कारण तिथं कातडी वळते आणि हात अडखळतो. दाढी झाल्यावर गार पाणी, मग तुरटीचा खडा. कुठं चुरचुरलं की तुरटी लगेच सांगायची. वस्तरा पुसून, कोरडा करून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवायचा, नाहीतर पोलादाला गंज चढतो. सगळं तोंड नीट व्हायला मला दोन-अडीच महिने लागले.

त्या दोन-अडीच महिन्यांत माझ्या एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी. स्वतःच्या गालावर शिकताना हात आणि गाल एकाच घरातले असतात. हाताचा कोन जरा चुकायला लागला की गाल आधी ओरडतो आणि हात थांबतो. त्यांच्यात निरोप्या लागत नाही. दुसऱ्याच्या गालावर हे नसतं. तिथं हाताला काहीच कळत नाही. त्या माणसानं बोलावं लागतं, आणि आपण ऐकावं लागतं. आता तो माणूसच असा असेल की ज्याला बोलायची सोय नाही, तर? तर हात शिकत राहतो आणि गाल सोसत राहतो.

एकदा पट्टा ओढता ओढता मी नानांना विचारलं, "तुम्ही कुणावर शिकला?"

"बाच्या गालावर," ते म्हणाले. "पयला गाल त्येचाच. डोळं मिटून बसायचा. म्हणायचा, घाबरू नगं, रगत आलं तर माजंच हाय." थोडं थांबून म्हणाले, "पर एका गालावर हात बसतो व्हय? दाढी वाढाया आठ दिवस लागत्यात. मग बाकीची."

बाकीची म्हणजे कोण, ते मी उकरून विचारलं. पाटलांची गुरं राखणारा एक भोळसर माणूस होता, तो. दुष्काळात देशोधडीला लागून देवळात आसऱ्याला आलेली माणसं. ज्यांच्या घरातून बलुत्याचं सूप अर्धंच भरायचं ती घरं. आईबापाविना वाढणारी पोरं. वाड्यावर, कुलकर्ण्यांच्या घरी, सावकाराकडं वडीलच जात. पोराचा हात दोन वर्षांनी बसला, तेव्हा वडिलांनी त्याला पहिल्यांदा वाड्याची पायरी चढवलं.

"त्यो गुराखी कदी बोलला न्हाई," नाना म्हणाले. "कापलं तरी हसायचा. बोलला असता तर बरं झालं असतं."

माझ्या मते सगळा प्रश्न इथं आहे. कुणीतरी गाल धरल्याशिवाय कुणाचाच हात तयार होत नाही, हे खरं. गाल देणारा कुणीच नसेल तर पुढच्या पिढीला न्हावी मिळणार नाही, वैद्य मिळणार नाही, मास्तर मिळणार नाही. पण गाव कधी चिठ्ठ्या टाकून गाल निवडत नाही. पाणी जसं उताराकडं जातं तसा कच्चा हात आपोआप गरिबाच्या घरी जातो. आणि वाईट म्हणजे हात पक्का झाला की तो चढावर निघतो. ज्याच्या गालावर शिकला त्याच्याकडं परत येत नाही. वाड्यावर जातो.

हे एकट्या वस्तऱ्याचं नाही. डॉक्टर होणारी मुलं सरकारी रुग्णालयांत शिकतात. तिथल्या खाटांवर असतो तो खेड्यातून आलेला, खासगी दवाखाना न परवडणारा माणूस. पहिली सुई, पहिला टाका त्याला पडतो. मी याला अन्याय म्हणायला कचरतो, कारण तो माणूस तिथं बराही होतो, आणि शिकणाऱ्याच्या पाठीशी मोठा डॉक्टर उभा असतो, निदान असायला हवा. पण मग न्याय आणि अन्याय यांच्यातली रेघ कुठं ओढायची?

मला तीन गोष्टी तपासाव्याशा वाटतात. पहिली, ज्याचा गाल आहे त्याला विचारलं का? आणि 'नको' म्हणायची त्याला खरोखर मुभा होती का? दुसरी, शिकवणारा जवळ उभा आहे का, आणि त्यानं स्वतःचा गाल आधी दिला होता का? नानांच्या वडिलांनी दिला होता, ही त्यांची मोठी बाजू. तिसरी, हात पक्का झाल्यावर तो त्या गालाकडं परतला का? या तिसऱ्या गोष्टीचा विचार सहसा कुणी करत नाही, आणि माझ्या लेखी तीच सगळ्यांत जड आहे. विचारणं एका क्षणाचं असतं. परतणं जन्मभर करावं लागतं.

नाना परतले होते, एवढं मला सांगितलं पाहिजे. बाजारच्या दिवशी लिंबाखाली बसले, वस्तरा दगडावर आणि पट्ट्यावर तयार केला, की पहिली ताजी धार त्या गुराख्याच्या दाढीला. पुढं तो म्हातारा झाला, गुरं सुटली, तरी हा नेम मोडला नाही. वाड्यावरचा गडी बोलवायला येऊन उभा असायचा. नाना म्हणायचे, "आलोच. एवढी उरकू दे." आणि त्या म्हाताऱ्याच्या हनुवटीवर असा हात चालवायचे, जसा मी वाड्यावरही कधी बघितला नाही. त्याचं बलुतं नव्हतं, पैसा नव्हता. गावाला वाटायचं, नाना धर्म करतात. मला वाटतं ते देणं फेडत होते. धर्म करणारा देऊन मोकळा होतो. देणं फेडणाऱ्याला हिशेब ठेवावा लागतो.

पण नानांचा हिशेब तरी पुरा होता का? गावाच्या एका अंगाला त्यांची धोकटी कधी गेलीच नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीत न्हावी जात नसे. गावाचा वस्तरा त्या माणसांच्या गालाला लागला तर तो वस्तरा विटाळतो, अशी समजूत. घटनेनं अस्पृश्यता संपवली होती, आणि 1955 च्या कायद्यानं तर त्या कारणावरून कुणाला सेवा नाकारणं हा गुन्हाच ठरवला होता. तरी पुढं कैक वर्षं आमच्या लिंबाखाली त्यांच्यातलं कुणी बसलं नाही.

त्या वस्तीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचे वडील वस्तीतल्या सगळ्यांच्या दाढ्या करत. मी वस्तरा शिकतोय हे कळल्यावर त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. तालुक्याच्या बाजारात जुन्या लोखंडात त्यांना एक वस्तरा सापडला. शिकवणारं कुणी नव्हतं. मग ते आणि त्यांचे धाकटे भाऊ समोरासमोर बसले. ठराव असा, की एका रविवारी थोरल्यानं धाकट्याची करायची, पुढच्या रविवारी धाकट्यानं थोरल्याची. दोघांचेही गाल फाटले. पण ज्यानं आज कापलं त्याला पुढच्या खेपेला कापून घ्यायचं होतं, म्हणून दोघांचेही हात लवकर हलके झाले. आमच्या गावात वस्तरा शिकायची सगळ्यांत न्यायाची रीत कुणी काढली असेल तर ती त्यांनी, ज्यांना गावानं न्हावी नाकारला होता. न्यायाची म्हणून ती सुखाची होती असं नव्हे. त्यांच्यापुढं दुसरी वाटच ठेवलेली नव्हती.

नाना वारकरी. श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांच्या पुण्यतिथीला धोकटीची पूजा करायचे आणि कथा सांगायचे. सेना न्हावी पूजेत गुंगले होते, राजाचं बोलावणं आलं, तेव्हा भक्ताचा बोभाटा नको म्हणून खुद्द पांडुरंग धोकटी काखेला मारून राजाची हजामत करायला गेला. ही कथा मी माझ्या मित्राच्या वडिलांना सांगितली. ते हसले. म्हणाले, "देव बी वाड्यावरच गेला म्हना की."

मला उत्तर सुचलं नाही. आजही कथेतल्या भक्तीला मी नमस्कार करतो, आणि ते वाक्य विसरू शकत नाही.

धीर करून मी नानांना विचारलं, की तुम्ही ओढ्यापलीकडं का जात नाही? ते बराच वेळ धोकटीचे बंद बांधत राहिले. मग म्हणाले, "गेलो तर गाव बलुतं दील का? हात माजा हाय, बाळा. पर वस्तरा गावाचा हाय."

हे खोटं नव्हतं. वर्षाची ज्वारी गावाच्या हातात असलेला माणूस गावाविरुद्ध किती जाणार? पण हे पुरेसंही नव्हतं. 1890 साली मुंबईत 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हावी मंडळींची सभा झाली, आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्यांनी ठरवलं. त्या काळी नवरा मेलेल्या बाईच्या डोक्यावरून वस्तरा फिरवणं हा धर्म समजला जाई. बाईला कुणी विचारत नव्हतं. तो धर्म ज्यांच्या हातानं चालायचा त्यांनीच हात मागं घेतला. शहरात रोकड्या पैशावर पोट होतं, शेजारी जातभाई उभे होते, म्हणून ते जमलं असेल. नाना गावात एकटे होते. तरीही त्या सभेनं एक गोष्ट कायमची सिद्ध करून ठेवली. वस्तरा गावाचा असला तरी तो चालतो माणसाच्या हातानंच, आणि हात थांबू शकतो. थांबू शकतो तर न गेलेल्या दारी जाऊही शकतो.

पुढं नानांच्या मुलानं एस.टी. स्टँडवर दुकान काढलं. लाकडी खुर्ची, मोठा आरसा, भिंतीवर दरपत्रक. बलुतं सुटलं, रोख आली. ज्याच्या खिशात पैसे तो खुर्चीत बसायचा, मग तो ओढ्याच्या अलीकडचा असो की पलीकडचा. माझ्या मित्राचे वडील पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले, तेव्हा नाना बाहेरच्या बाकावर होते. काही बोलले नाहीत. उठूनही गेले नाहीत.

आता खरा वस्तरा दुकानातूनही गेला. आपल्या देशात 1986 साली एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले, आणि नंतरच्या वर्षांत एकाचा वस्तरा दुसऱ्याला नको हे गावोगाव पोचलं. कावीळ आणि असले रोग रक्तातून जातात, तेव्हा ते योग्यच झालं. आता दांडीत अर्धी पत्ती बसवतात, गिऱ्हाइकासमोर नवी काढतात. मशीनची पत्ती तर त्याहून सोयीची. तिनं कोन बांधूनच दिला, त्यामुळं शिकायचं काही उरलं नाही, आणि कुणाचा गालही मागावा लागत नाही. यंत्रानं हा एक अन्याय गुपचूप मिटवला हे कबूल करायला हवं. पण जगातल्या सगळ्या विद्यांना अशी मशीनं निघालेली नाहीत. मास्तर अजून पोरांवरच शिकतो. डॉक्टर रोग्यावरच शिकतो. आणि पहिली दोन-चार वर्षं पोरांवरच शिकलेला मास्तर, हात बसला की शहराकडं बदली मागतो.

गेल्या वर्षी पुण्यात एका सलूनमध्ये गेलो होतो. चार खुर्च्या, तीन कारागीर आणि एक सतरा-अठरा वर्षांचं पोरगं, मराठवाड्यातून नुकतंच आलेलं. माझ्या आधीचा माणूस त्याला बघून म्हणाला, "पोरगा नको, मोठ्याला पाठव." पोरगं फडकं झटकत बाजूला झालं. त्या माणसाचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्याला 'नको' म्हणता आलं, एवढं गुराख्याला कधी आलं नव्हतं. पण सगळ्यांनीच 'नको' म्हटलं, तर ते पोरगं ज्याला 'नको' म्हणता येत नाही अशा कुणाकडं तरी जाणार, हेही तितकंच खरं.

माझी पाळी आली. मालक शेजारच्या खुर्चीपाशी उभा होता, त्याचं लक्ष होतं. पोरग्यानं नवी पत्ती माझ्यादेखत कागदातून काढली, दांडीत बसवली आणि माझ्याकडं आरशातून बघत विचारलं, "काका, मी करू का?"

मी मान मागं टेकली आणि म्हणालो, "कर. मानेवर माझा केस उलटा आहे, तेवढं आधी बोटानं बघून घे."